रणांगणावरील भीती: दोष, आजार की जखम?

युद्धात माणूस घाबरतो ही गोष्ट कोणत्याही काळात लपून राहिलेली नाही. वाद झाला तो त्या भीतीला काय समजायचे, यावर. थरथरणारा सैनिक भेकड ठरला तर त्याला शिक्षा होते, आजारी ठरला तर त्याची रवानगी रुग्णालयात होते आणि जखमी ठरला तर त्याला मान व निवृत्तिवेतन मिळते. शरीराला सुटलेला कंप तिन्ही ठिकाणी सारखाच असतो. निकाल बहुतेक वेळा पाहणाऱ्यावर आणि घाबरलेल्या माणसाच्या हुद्द्यावर अवलंबून राहिला आहे.

प्राचीन साहित्यात हा भेद उघडच दिसतो. गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, अंगाला कंप सुटणे, गांडीव हातातून निसटणे ही अर्जुनाची लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु परंपरेने त्या अवस्थेला विषाद म्हटले आणि त्यातून तत्त्वज्ञान उभे राहिले. त्याच महाकाव्यात कौरवांचे सैन्य पाहून रथातून उडी टाकून पळणारा विराटपुत्र उत्तर मात्र हसण्याचा विषय होतो. नाट्यशास्त्राने तर भय हा भाव स्त्रिया आणि हीन प्रकृतीची पात्रे यांच्याकडेच सोपवला. ग्रीकांकडील एक नोंद याहून समंजस वाटते: इ. स. पूर्व ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईत अंगावर एकही घाव न होता एका योद्ध्याची दृष्टी कायमची गेली, आणि इतिहासकाराने ती घटना कोणताही ठपका न ठेवता लिहून ठेवली.

या भावनांचे वैद्यकीय नामकरण बरेच उशिरा सुरू झाले. १६८८ मध्ये बासेल येथील एका वैद्यकीय प्रबंधात घराच्या ओढीने खंगण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव मिळाले. परक्या राजांकडे चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी हा विकार पुढे दीर्घकाळ जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने या आजाराचे ५,००० हून अधिक रुग्ण अधिकृतपणे नोंदवले. त्याच सुमारास रेल्वे अपघातांतून वरवर सुखरूप वाचलेले, पण नंतर झोप आणि स्मरणशक्ती गमावलेले प्रवासी नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जाऊ लागले, आणि न दिसणाऱ्या दुखण्यासाठी पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न प्रथमच व्यवहाराच्या पातळीवर आला. पुढे लष्करात जे घडले ते समजून घेताना हा पैशाचा धागा विसरून चालत नाही.

पहिल्या महायुद्धातील ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) हा शब्द मुळात खंदकांतील सैनिकांच्या तोंडचा. फेब्रुवारी १९१५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात तीन सैनिकांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि तो छापील वैद्यकात शिरला. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर तिघांची दृष्टी अधू झाली होती, वास आणि चव कमी झाली होती, स्मृतीत खंड पडला होता. श्रवणशक्ती मात्र जवळजवळ शाबूत होती. स्फोटाच्या दणक्यानेच हे घडले असेल तर आधी कान जायला हवे होते, ही विसंगती त्या लेखातच नोंदलेली आहे. तरीही शब्द टिकला, कारण तो सर्वांच्या सोयीचा होता: ‘धक्का बसला’ म्हटले की ‘घाबरला’ म्हणावे लागत नव्हते.

लष्करापुढे पेच उभा राहिला तो यामुळेच. सुरुवातीला रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. शत्रूच्या गोळ्याचा थेट परिणाम झालेल्याच्या कागदावर जखमी असा शेरा पडे; त्याला बाहीवर लावायला जखमी झाल्याची मानाची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे. बाकीच्यांवर नुसता आजारी असा शेरा पडे आणि त्यांना यांतले काहीच मिळत नसे. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली, रुग्णांचा लोंढा आला आणि ही वर्गवारी कोलमडली. गोळा नेमका किती अंतरावर फुटला हे आघाडीवर कोण मोजत बसणार होते?

जून १९१७ मध्ये जो आदेश निघाला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणावा लागेल. ‘शेल शॉक’ हे शब्द कोणत्याही परिस्थितीत तोंडी वापरायचे नाहीत, तुकडीच्या अहवालात किंवा रुग्णालयाच्या कागदपत्रांत लिहायचे नाहीत, असे फर्मान ब्रिटिश सैन्यात काढण्यात आले. अशा सैनिकावर ‘अद्याप निदान नाही (मज्जाविषयक)’ एवढाच शेरा मारायचा होता. त्यानंतर एक ठरावीक नमुना त्याच्या तुकडीच्या प्रमुखाकडे जाई, आणि हा सैनिक खरोखरच अपवादात्मक प्रसंगातून गेला होता की नाही, हे त्या प्रमुखाने लिहून द्यायचे असे. उत्तर येईपर्यंत डॉक्टरांनी निदान लांबणीवर टाकायचे.

आदेशाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. भारदस्त नाव मिळाले की लक्षणे पक्की होतात, रुग्णाला मायदेशी पाठवले की तो सहसा परतत नाही, उलट आघाडीजवळच झोप, अन्न आणि विश्रांती दिली तर अनेक जण काही दिवसांत उभे राहतात, हा अनुभव बऱ्याच लष्करी डॉक्टरांनी नोंदवला होता. पण उपचारांची पद्धत बदलण्यासाठी शब्दावर बंदी घालण्याची आणि निदानाची किल्ली वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती देण्याची गरज नव्हती. ज्याने सैनिकाला गोळीबारात पाठवले त्यालाच त्या प्रसंगाच्या तीव्रतेचा साक्षीदार केले गेले. यात शिस्तीची आणि तिजोरीची काळजी वैद्यकापेक्षा अधिक दिसते.

हुद्द्याचा भेदही निदानात उतरला होता. अधिकाऱ्यांना बहुधा मज्जासंस्थेच्या थकव्याचे नाव मिळे, साध्या सैनिकांना उन्मादाचे (हिस्टेरिया). एडिनबर्गजवळच्या एका रुग्णालयात खास अधिकाऱ्यांसाठी संवादावर आधारलेले उपचार होत. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन करणाऱ्या एका कवी-अधिकाऱ्यावर खटला भरण्याऐवजी १९१७ मध्ये त्याला तेथेच पाठवण्यात आले. त्याची बंडखोरी आजारात बसवली गेली, हा त्याच दृष्टीचा दुसरा नमुना. तेथे त्याची गाठ पडलेला तरुण कवी ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्याच्या आठवडाभर आधी, मारला गेला. त्या युद्धाचे जे चित्र इंग्रजी साहित्याने पुढच्या पिढ्यांच्या मनावर उमटवले, त्यातील मोठा वाटा या मोजक्या सुशिक्षित अधिकाऱ्यांच्या अनुभवाचा आहे. फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या वाट्याला वेगळाच संशय आला: हाताला झालेल्या जखमा त्यांनी स्वतःच करून घेतल्या असाव्यात, असे बोलले जाई. ब्रायटन येथील रुग्णालयात जखमींची पाहणी झाली तेव्हा या संशयाला आधार मिळाला नाही.

ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी त्या काळात ३,००० हून अधिक देहदंड सुनावले आणि त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश सौम्य केले. तरीही ३४६ जणांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला. त्यांत २६६ जण पलायनाच्या आणि १८ जण भेकडपणाच्या आरोपाखालील होते. अधिकारी फक्त ३ होते. १९२२ मध्ये या विषयावरील ब्रिटिश चौकशी समितीचा अहवाल आला आणि ‘शेल शॉक’ हा शब्द कायमचा टाकून द्यावा, तसेच मानसिक कोसळणे हे गोळ्याच्या स्फोटानंतर झाले असले तरी ते लढाईतील जखम मानू नये, अशी शिफारस त्याने केली. साक्षीदारांना भेकडपणाची व्याख्या मात्र नीट करता आली नव्हती. पलायन आणि भेकडपणा या दोन गुन्ह्यांसाठीचा देहदंड १९३० मध्ये रद्द झाला.

दुसऱ्या महायुद्धातही जुनी दृष्टी पुसली गेली नव्हती. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील रुग्णालयांत एका अमेरिकी सेनापतीने मनाने खचलेल्या दोन सैनिकांना थपडा मारल्या. खरा पालट व्हिएतनाम युद्धानंतर झाला. १९८० च्या अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) दाखल झाला आणि जवळपास कोणालाही हादरवील असा प्रसंग हे त्याचे कारण मानले गेले. दोष व्यक्तीच्या घडणीतून घटनेकडे सरकला, आणि बलात्कार, अपघात, नैसर्गिक आपत्ती यांतून वाचलेल्यांनाही हे निदान खुले झाले.

पहिल्या महायुद्धात मृत्युदंड झालेल्यांच्या वारसांची माफीची मागणी मात्र लोंबकळत राहिली. १९९८ मध्ये ब्रिटिश सरकारने कागदपत्रे अपुरी असल्याच्या कारणाने सरसकट माफी नाकारली. २००६ मध्ये तेच कारण देऊन ३०६ जणांना सरसकट माफी दिली. युक्तिवादाचा हा उलटा प्रवास मजेशीर आहे. खुनाचे गुन्हेगार वगळले गेले, आणि माफीमुळे दोषसिद्धी किंवा शिक्षा यांवर परिणाम होत नाही, असेही कायद्यात नमूद झाले. आजच्या संवेदनेने कालच्या न्यायाला जोखू नये, असे काही इतिहासकारांनी बजावले. पण त्या काळातही डॉक्टर आणि अधिकारी यांचे एकमत नव्हते, हे वर आलेच आहे.

रोजच्या बोलण्यात दरम्यान ‘ट्रॉमा’ हा शब्द प्रेमभंगापासून परीक्षेतील अपयशापर्यंत सर्वत्र पोहोचला, आणि वर्गीकरणकर्ते उलट दिशेने निकष आवळू लागले. त्याच अमेरिकी वर्गीकरणाच्या १९९४ च्या आवृत्तीत घटनेच्या वेळी तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप जाणवलेला असणे आवश्यक होते. प्रशिक्षित सैनिक आणि बचाव कर्मचारी यांना त्या क्षणी भीती जाणवतेच असे नाही, तरी नंतर ते आजारी पडतात, हे ध्यानात आल्यावर २०१३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. घटनेचा निकष मात्र त्याच आवृत्तीत आवळला गेला: दूरचित्रवाणीवर भीषण दृश्ये पाहणे या निदानासाठी पुरेसे धरले जात नाही. ती कामाचा भाग म्हणून पाहावी लागली असतील तर मात्र धरले जाते.