पॅटर्न मास्टर

पॅटर्न मास्टर : तयार कपड्यांच्या कारखान्यात कपड्याच्या प्रत्येक भागाचा कागदी किंवा संगणकीय नमुना आखणारा तंत्रज्ञ. शिंपी समोरच्या गिऱ्हाइकाची मापे घेऊन कापड बेततो. पॅटर्न मास्टरला असे गिऱ्हाईक कधी दिसत नाही. त्याच्या टेबलावर डिझायनरचे रेखाटन, खरेदीदाराचा मापतक्ता आणि कापडाचा तुकडा असतो. त्यावरून हजारो अनोळखी अंगांना बसेल असा कपडा त्याला उभा करायचा असतो. शिलाई विभागात कितीही कसबी कारागीर असले, तरी नमुन्यातली चूक त्यांच्या हातून निस्तरत नाही. म्हणून कारखान्यातले हे सर्वांत जोखमीचे काम मानावे लागते.

शर्टाच्या अंगाचा नमुना साधारणपणे छातीच्या चौथाईवर आखतात. चौथाईत ५ मिलिमीटर चुकले की तयार शर्टाच्या घेरात २ सेंटिमीटरचा फरक पडतो. एक साइझ मोठा करताना छाती ४ सेंटिमीटरने वाढवायची असेल, तर चौथाईत १ सेंटिमीटर वाढतो. पण गळा, खांदा आणि मुंढा (बाही जोडायची खाच) त्याच प्रमाणात वाढवून चालत नाही. एका साइझवरून दुसरा साइझ आखण्याच्या या कामाला ग्रेडिंग म्हणतात. सर्वांत अवघड जागा मुंढ्याची. कोटाच्या बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा लांब ठेवतात आणि जास्तीचे कापड चुणी न पडता शिवणीत मुरवतात. तेवढ्याने खांद्याला गोलाई येते.

कापडाचा स्वभाव ओळखणे हे या कामाचे मर्म आहे. धुतल्यावर लांबीत ५ टक्के आटणाऱ्या कापडाचा ७० सेंटिमीटरचा कपडा हवा असेल, तर नमुना ७३.५ नव्हे, ७३.७ सेंटिमीटर धरावा लागतो, कारण आटण्याची टक्केवारी वाढवलेल्या लांबीवर लागू होते. नमुन्यावरची ग्रेनलाइन, म्हणजे धाग्याची दिशा दाखवणारी रेघ, कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर ठेवतात. ती तिरकी गेली तर कपडा अंगावर नीट पडत नाही. साध्या होजिअरीच्या टी-शर्टाची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे वळलेली अनेकांनी पाहिली असेल. तिथे मात्र बहुधा सुताच्या पिळाचा दोष असतो, नमुन्याचा नाही. हा भेद ओळखता येणे हीच मास्टरची परीक्षा. उरेब (धाग्याला तिरका) कापलेला घेर लोंबतो, म्हणून तो काही वेळ टांगून ठेवून मगच खालची कड सरळ करतात.

नमुने कापडाच्या रुंदीत कसे बसवायचे, त्या आराखड्याला मार्कर म्हणतात. कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा असल्याने मार्करमधली थोडीशी बचतही मोठी ठरते. मखमल किंवा कॉर्डरॉयसारख्या लव असलेल्या कापडात सगळे भाग एकाच दिशेने ठेवावे लागतात. चौकड्याच्या कापडात रेघा शिवणीवर जुळवाव्या लागतात. दोन्हींत कापड जास्त जाते.

निरनिराळ्या साइझमधले कागदी नमुने विकण्याची सुरुवात अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक आला. गर्बर आणि लेक्ट्रा या कंपन्या ही त्यातली ठळक नावे, आणि २०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बर विकत घेतली. ग्रेडिंग आणि मार्करचे दिवसभराचे काम त्यामुळे काही मिनिटांवर आले.

भारतीय मास्टरची मोठी अडचण मापतक्त्याची आहे. आपल्याकडचे अनेक साइझतक्ते परदेशी मापांवरून घेतलेले असल्याने छातीला बसणारा कपडा खांद्यात किंवा उंचीत चुकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात १५ ते ६५ वयोगटातील लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे काम हाती घेतले. निवडलेल्या सहा शहरांत मुंबईही आहे. आपल्या अंगांचा आपलाच तक्ता असणे फार पूर्वी व्हायला हवे होते.

या कामाचे शिक्षण निफ्टमध्ये मिळते. खारघरला तिचे केंद्र आहे. तरीही कित्येक मास्टर आजही कटिंग टेबलावर उमेदवारी करूनच तयार होतात. नवा नमुना आधी मांजरपाटात शिवून पुतळ्यावर चढवतात, बाही वर करून पाहतात, जिथे ताण पडतो तिथे खडूने खूण करतात आणि मग कागद पुन्हा कापायला घेतात.