गोल्फ स्विंगमधला मागचा हात

स्विंग करताना टार्गेटपासून लांब असतो तो मागचा हात, म्हणजे ट्रेल आर्म. उजव्याने खेळणाऱ्याचा उजवा, डावखुऱ्याचा डावा. अमेरिकन गोल्फर फिल मिकलसन बाकी सगळी कामं उजव्या हाताने करतो पण लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून त्यांचा स्विंग आरशातल्यासारखा उचलला म्हणून गोल्फ मात्र डाव्याने खेळतो, त्यामुळे त्याचा मागचा हात डावा. इथे सगळं उजव्याने खेळणाऱ्याच्या हिशोबाने लिहिलंय.

ग्रिपमध्ये उजवा हात खाली असतो म्हणून बॉलपुढे उभं राहिलं की उजवा खांदा आपोआप थोडा खाली येतो. शिकायला लागल्यापासून कानावर एकच येतं, डावा हात सरळ ठेव, आणि लोक तो पार ताठ करून टाकतात. पण डावा सरळ राहणं बरंचसं उजव्यावर अवलंबून आहे हे कुणीतरी सांगायला हवं. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे वर नेताना, उजवं कोपर गरजेपेक्षा जास्त दुमडलं की दोन्ही हात शरीराकडे ओढले जातात आणि मग डाव्याला वाकावंच लागतं. वर पोचल्यावर उजव्या कोपरात साधारण ९० अंशाचा कोन हवा, कोपराचं टोक जमिनीकडे, मनगट मागे वाकलेलं, वेटर खांद्याजवळ ट्रे धरतो ना, जवळपास तसंच.

खरी गंमत खाली येताना आहे. डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा, त्यात ठरवून काही करायला वेळच नसतो, म्हणून क्रम अंगात मुरलेला लागतो. आधी कंबर टार्गेटकडे वळायला लागते, उजवं कोपर बरगडीजवळून खाली येत उजव्या कमरेच्या पुढे येतं, हात त्याच्या मागोमाग आणि क्लबहेड, म्हणजे क्लबचं बॉलला लागणारं टोक, सगळ्यात शेवटी. बॉलला लागतं त्या क्षणीही उजवं कोपर थोडं वाकलेलंच असतं आणि मनगटही मागे वाकलेलं असतं, दोन्ही हात पूर्ण सरळ दिसतात ते बॉल निघून गेल्यावर. उजवा हात वरूनच सरळ करायला घेतला तर त्याला कास्टिंग म्हणतात, मासे पकडायला गळ टाकल्यासारखं, त्यात वेग बॉलपाशी पोचायच्या आधीच खर्च होतो आणि क्लब बऱ्याचदा बॉलच्या मागची माती उकरतो. उजवा खांदा बाहेरून पुढे ढकलला तर क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि फेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू, त्या दिशेच्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला की स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जातो.

आपल्याकडे क्रिकेट खेळून मग गोल्फकडे वळणाऱ्यांना हे जास्त नडतं. बॉटम हँडने पुल मारायची सवय असते, जोर लावायचा म्हटलं की उजवा हात आधी धावतो. पण त्याच क्रिकेटमधली एक गोष्ट फार उपयोगी आहे, पॉइंटवरून वाकून साइडआर्म थ्रो मारताना कोपर पुढे येतं, मनगट मागे राहतं आणि हात शेवटी सुटतो, तळ्यात चपटा दगड टप्पे खात जावा म्हणून मारतानाही तेच. जुन्या काळचा अमेरिकन गोल्फर बेन होगन याने त्याच्या १९५७च्या पुस्तकात बेसबॉलच्या साइडआर्म थ्रोचीच तुलना दिलीय. होगन उजव्या हाताने जोर लावू नका असं म्हणत नव्हता, उलट मला तीन उजवे हात असते तर बरं झालं असतं असं त्याचं म्हणणं होतं, फक्त तो जोर योग्य वेळी लागायला हवा.

कोपर अंगाला चिकटूनच हवं हा नियम मात्र मला पटत नाही. अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉसचं कोपर वर गेल्यावर बाहेर उडायचं, फ्लाइंग एल्बो म्हणतात ते, आणि तरी त्याने १८ मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकले कारण खाली येताना ते जागेवर यायचं. फिजीचा गोल्फर विजय सिंग याच्या उजव्या हाताची बोटं तर बॉल मारतानाच ग्रिपवरून सैल सुटलेली दिसतात. त्यामुळे वरची पोझ बघून घाबरू नये, खाली येताना कोपर कुठे आहे ते बघावं.

सरावाला उजव्या काखेत छोटा टॉवेल धरून अर्धे स्विंग मारतात, कोपर लांब गेलं की टॉवेल पडतो. पूर्ण स्विंगला हे करू नये, तिथे हात थोडा मोकळा सुटायलाच हवा. अजून एक, कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं ते गोल्फर्स एल्बो उजव्याने खेळणाऱ्यांना बऱ्याचदा उजव्याच हाताला होतं, क्लब सारखा जमिनीवर आपटला की तिथल्या स्नायूबंधांवर ताण येतो, दुखायला लागलं की सरावाच्या बॉलची बकेट संपवायचा हट्ट न करता थांबावं.