विद्यार्थी श्रमदान (वस्तीस्वच्छता)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोबदला न घेता खेड्याची किंवा शहरी वस्तीची झाडलोट, गटारसफाई, वृक्षारोपण, भिंतींची रंगरंगोटी इ. कामे करण्याची प्रथा. भारतात ती आज प्रामुख्याने राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) चौकटीत चालते.

प्रथेच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. एक मत तिचे मूळ गांधीविचारात शोधते. फेब्रुवारी 1916 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या पायाभरणी सोहळ्यातील भाषणात गांधीजींनी काशी विश्वनाथ मंदिराभोवतीच्या गल्ल्यांच्या घाणीवर बोट ठेवले होते. श्रोत्यांत विद्यार्थी होते आणि संस्थानिकही. महाराष्ट्रात गाडगेबाबांचा खराटा आणि कोकणातील गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून धरलेला आग्रह ही उदाहरणे या संदर्भात हमखास दिली जातात. 1941 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचाही उल्लेख होतो. मात्र या प्रयत्नांत तरुण उतरले ते कार्यकर्ते म्हणून. विद्यापीठाचा, अभ्यासक्रमाचा किंवा तासांच्या हिशोबाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यामुळे प्रेरणा गांधीयुगातली, पण संस्थात्मक रूप स्वातंत्र्योत्तर शिक्षणधोरणातले, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या धोरणाचा प्रवास सक्ती की स्वेच्छा या प्रश्नाभोवती फिरत राहिला. उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्या राधाकृष्णन आयोगाचा (1948–49) कल स्वेच्छेकडे होता. 1959 मध्ये नेमलेल्या चिं. द. देशमुख समितीने मात्र माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या सर्वांसाठी नऊ महिने ते एक वर्षाची सक्तीची सेवा सुचवली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती सूचना मागे पडली. पुढे शिक्षणतज्ज्ञ ख्वाजा गुलाम सैयदैन यांनी इतर देशांतील युवासेवेचा अभ्यास करून सेवा शक्यतो ऐच्छिक असावी, असे मत दिले. कोठारी आयोगाने (1964–66) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेला स्थान द्यावे, असे सुचवले. दरम्यान चीन युद्धानंतर महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना (एनसीसी) सक्तीची झाली होती. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि पर्यायाची गरज उभी राहिली. गांधी जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत रासेयो सुरू केली. आरंभीची स्वयंसेवकसंख्या सुमारे 40,000 दिली जाते. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह.

स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करणे व एका विशेष शिबिरात भाग घेणे अपेक्षित असते. शिबिर सात दिवसांचे, बहुधा दत्तक गावात किंवा वस्तीत. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा क्रम सर्वपरिचित आहे. अनेक विद्यापीठे सहभागाबद्दल जादा गुण देतात. सक्ती नाकारली गेली, पण गुण व प्रमाणपत्रे आली. प्रथेच्या ऐच्छिकतेला मर्यादा पडते ती येथे.

सफाईच्या तंत्राकडे पुस्तिकांत फारसे लक्ष दिलेले नसते, वास्तविक काम फसते ते तिथेच. गोळा केलेला कचरा उचलण्यासाठी ग्रामपंचायत वा नगरपालिकेची गाडी आधी ठरवलेली नसली, तर ढीग रस्त्याकडेला पडून राहतो किंवा जाळला जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा निर्मितीच्या ठिकाणीच वेगळा ठेवणे बंधनकारक झाले. तेव्हापासून शिबिरांत झाडण्याइतकेच घरोघरी जाऊन वर्गीकरण समजावण्याला महत्त्व येऊ लागले.

सुशोभनात झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावणे, शाळेच्या भिंतींवर घोषवाक्ये व चित्रे रंगवणे, कचरा टाकण्याच्या कोपऱ्यात रोपे लावणे यांचा समावेश होतो. रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे शिबिराच्या आखणीत सहसा नसते.

या प्रथेवरील गंभीर आक्षेप जातिव्यवस्थेच्या अंगाने येतो. सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले असताना इतरांनी आठवडाभर झाडू धरल्याने सफाई कामगाराच्या वेतनात वा सुरक्षिततेत काही बदलत नाही, असा हा युक्तिवाद. श्रमप्रतिष्ठेचा संस्कार होतो, हे समर्थकांचे उत्तर त्याला पुरे पडत नाही.

2018 च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने स्वच्छ भारत अभियानांतर्गत खेड्यांत किमान 100 तास काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणयोजना राबवली; विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी दोन श्रेयांकांची (क्रेडिट) मुभा दिली होती.