अपडेटची वाट चोरही पाहतो

इंदूरच्या रामबागेतील एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात, मार्चअखेरीच्या धामधुमीत, पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना झळकते आणि विवरणपत्रांत बुडालेला माणूस ती न वाचताच बंद करतो. संगणक व्यवस्थित चालला आहे, मग घाई कशाला, हा विचार वरवर रास्त वाटतो. परंतु अपडेट प्रसिद्ध होताच धोका वाढतो, हे त्यात सुटून जाते.

लाखो ओळींच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतातच. मायक्रोसॉफ्ट त्यांची दुरुस्ती साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते आणि ती हल्लेखोरांच्याही हाती पडते. जुनी व नवी फाइल ताडून पाहिली, की नेमका कोणता भाग बदलला आणि म्हणजेच भगदाड कोठे होते, हे त्यांना आयते कळते.

२०१७ साली १४ मार्चला विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतील अशीच एक त्रुटी बुजवण्यात आली. एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने तिचा फायदा घेणारे हत्यारच जाहीर केले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांत फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. या किड्याला कोणी दुव्यावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. जाळ्यातील एका संगणकावरून तो आपोआप दुसऱ्यावर जात होता. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते, आणि त्यासाठीची दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीच उपलब्ध झाली होती.

अपडेट उतरले म्हणजे काम झाले, असेही नाही. वापरात असलेली फाइल विंडोजला बदलता येत नसल्यामुळे अनेक दुरुस्त्या रीस्टार्ट होईपर्यंत ताटकळत राहतात. लॅपटॉपचे झाकण मिटल्याने तो बहुधा नुसता झोपी जातो. आठवडाभर असे चालले, तर जुनीच फाइल काम करत राहते. कार्यालय बंद करताना ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ निवडावे, एवढाच यावरचा उपाय आहे. अँटीव्हायरस हवाच, पण तो भगदाड बुजवत नाही.

संकेतस्थळावर अचानक उघडणाऱ्या ‘तुमचे ब्राउझर जुने झाले आहे’ अशा खिडकीवर मात्र विश्वास ठेवू नये. अपडेट सेटिंग्जमध्ये जाऊनच तपासावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, मुदतवाढ न घेतलेल्या संगणकांवर तेथेही नव्या सुरक्षा दुरुस्त्या येणार नाहीत.