तरंगिणी आणि तारिणी: एक शाळा, दुसरी मोहीम

नौदलाच्या शिडाच्या जहाजाची बातमी आली की हमखास एक गोंधळ होतो. पृथ्वीप्रदक्षिणा तारिणीची असते आणि फोटो तरंगिणीचा लागतो. एखादी दहावीतली मुलगी ‘मला तारिणीवर शिकायला जायचंय’ म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तीन डोलकाठ्यांचं उंच जहाज असतं. गोंधळ होण्यासारखंच आहे म्हणा. दोन्ही गोव्यात बांधलेली, दोन्ही नौदलाची, दोन्ही जग फिरून आलेली. पण त्यांचं काम अगदी वेगळं आहे.

आयएनएस तरंगिणी गोवा शिपयार्डने बांधली आणि 1997 साली ती नौदलात आली. लांबी 54 मीटर, वजन पाचशे टनांच्या वर. तिच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं आहेत आणि मागच्या काठीवर उभी. अशा जहाजाला बार्क म्हणतात. आयएनएसव्ही तारिणी ही गोव्यातल्याच अ‍ॅक्वेरियस शिपयार्डची, 2017 ची. जेमतेम 17 मीटरची, एका काठीची. फोटोत काठ्या मोजल्या तरी ओळख पटते.

खरा फरक कळतो तो शिडं हाताळताना. तरंगिणीवर चौकोनी शीड आवरायचं तर माणसांना वर चढावंच लागतं. दोरांच्या शिडीवरून डोलकाठीवर जायचं, तिथून आडव्या काठीच्या, म्हणजे यार्डच्या, खाली लोंबणाऱ्या पायदोरावर पाय ठेवून बाजूला सरकायचं. कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवायचा, पोट यार्डवर टेकवायचं आणि फडफडणारं जड कापड मुठीमुठीने ओढून त्याच्या घड्या घालत बांधायचं. शेजारच्याने पाय हलवला की तुमच्या पायाखालचाही दोर हलतो. एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी, ही खलाशांची जुनी शिकवण तिथे आपोआप अंगात भिनते. खाली डेकवरही तीच तऱ्हा: वारा बदलला की यार्ड फिरवायला एकेका दोरावर चारपाच जण लागतात, आणि सगळ्यांनी एकाच तालात ओढलं तरच काम होतं.

एवढी माणसं लागणं ही मला या जहाजाची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मालवाहतुकीत हाच खर्च परवडेना, म्हणून अशी जहाजं मागे पडली. पण शिकवायचं म्हटलं की तीच गोष्ट कामी येते, कारण प्रत्येक पोराच्या हाताला खरं काम मिळतं. रात्रीच्या पहाऱ्यावर कुणी सुकाणू धरतो, कुणी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा राहून दिवे शोधतो आणि झोप अनावर झाली तरी जागा सोडता येत नाही. युरोपात 1956 पासून होणाऱ्या टॉल शिप्स शर्यतींत हाच विचार नियमात घातला आहे: निम्मे तरी खलाशी 15 ते 25 वयाचे हवेत. तरंगिणी तिथे अनेकदा गेली आहे. 2003-04 मध्ये ती जगाला फेरी मारून आली, तेव्हाही ठिकठिकाणच्या बंदरांना भेट देत आली.

तारिणीवर मात्र शिकून जायचं असतं. सप्टेंबर 2017 मध्ये नौदल अधिकारी वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला गोव्याहून निघाल्या, त्या मे 2018 मध्ये परतल्या. त्याआधी त्यांनी म्हादेई या नौदलाच्याच शिडाच्या बोटीवर समुद्र पालथा घातला होता आणि त्यांना घडवणाऱ्यांत दिलीप दोंदे होते, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 2024-25 मध्ये तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. दोघींत एक झोपली की बोट दुसरीच्या एकटीच्या हातात. इथे चार जणांचं काम विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर, एक जण करतो. शिडं उभ्या काठीलाच असल्याने नेहमी वर चढावं लागत नाही, पण वर काही बिघडलं तर हलत्या काठीवर दोघींपैकीच एकीला जावं लागतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या थंडीत शिकाऊ माणसाला सांभाळून घ्यायला तिथे कुणी नसतं.

बातम्यांत तारिणीला जास्त जागा मिळते आणि ते योग्यच आहे. त्या सहा जणींचं आणि या दोघींचं धाडस फार मोठं आहे. तरीही त्या मुलीला मी आधी तरंगिणीची वाट दाखवीन. ती नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आहे, तेव्हा नौदलात अधिकारी होणं हा सरळ रस्ता. एनसीसीच्या नौदल शाखेतून निदान शिडाच्या छोट्या बोटीवर हात बसवता येतो. आणि कोचीला गेल्यावर समोर हुबेहूब तरंगिणीसारखंच जहाज दिसलं, तर त्यावरचं नाव वाचून घ्यायचं. 2012 साली दाखल झालेली सुदर्शिनी तिची जुळी बहीण शोभते. तिच्यावरही हेच शिक्षण मिळतं.