घोडा-तट्टांची हिवाळी चंदी-वैरण (मराठवाडा)

टांगा ओढणे, वरातीत चालणे, ओझे वाहणे किंवा अधूनमधून रपेट करणे एवढेच हलके काम असलेल्या घोड्यांना व तट्टांना साधारणतः कार्तिकापासून माघापर्यंत दिला जाणारा आहार. ‘वैरण’ म्हणजे कडबा, गवत यांसारखा तंतुमय चारा आणि ‘चंदी’ म्हणजे तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला अडकवायच्या पिशवीत) किंवा गव्हाणीत दिला जाणारा दाणा, विशेषतः हरभरा.

दख्खनमधील चंदीच्या जुन्या उल्लेखांपैकी अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. इराणच्या आखाताच्या तोंडावरील होर्मुझ बंदरातून घोडा घेऊन तो चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला, म्हणजे आजच्या उदगीर-देगलूर भागाच्या सीमेलगत, पोचला. घोड्यांना हरभरा घालतात, शिवाय साखर व तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असे तो लिहितो. पहाटेच्या खाण्यासाठी त्याने योजलेल्या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी निरनिराळा लावला आहे. बीदरजवळच्या आळंद येथील वार्षिक बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे येत, असेही तो सांगतो. त्याच्या प्रवासाचा काळ वादग्रस्त आहे. जुन्या गणनेनुसार तो १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानात आला, तर नंतरच्या गणनेनुसार १४७१ मध्ये. त्याने उल्लेखिलेल्या बहमनी सुलतानांच्या (बीदरच्या तत्कालीन राज्यकर्त्यांच्या) मोहिमांशी दुसरी गणना अधिक जुळते, म्हणून ती अधिक स्वीकारार्ह वाटते. ही खिचडी सरदारांच्या पागेतील, समुद्रमार्गे आणलेल्या मोलाच्या घोड्यांसाठी असावी. गावातल्या तट्टाच्या वाट्याला ती येत असेल, असे मानणे कठीण आहे.

मराठवाड्यात वैरणीचा मुख्य आधार ज्वारीचा कडबा होय. रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात निघत असल्याने हिवाळ्यात गंजीतून काढला जातो तो बहुधा मागील वर्षाचा कडबा. खरीप ज्वारीचा कडबा याच सुमारास हाती येतो. परंतु काढणीच्या वेळी पाऊस लागल्यास तो काळा पडतो व बुरशीमुळे घोड्यास अपायकारक ठरतो. गाईबैल असा कडबा निभावून नेतात, या समजुतीने तो घोड्यापुढे टाकणे सर्वथा चुकीचे आहे. शेतात उभी असलेली हिरवी ज्वारीही जपून द्यावी लागते. कोवळ्या, पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या ताटांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य अधिक असते. त्याची तीव्र विषबाधा रवंथ करणाऱ्या जनावरांत अधिक दिसते, पण अशा ज्वारीवर दीर्घकाळ चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह व मागील पाय लटपटणे हा विकार आढळतो. पूर्ण वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी होतो.

थंडीत खुराक वाढवावा, हा नियम मुख्यतः बर्फाळ प्रदेशांतला. मराठवाड्यात रात्रीचे तापमान काही दिवस १० अंश सेल्सिअसखाली उतरते, मात्र दुपारी ऊन असते. त्यामुळे निरोगी जनावराची जादा गरज फारशी नसते. गारठ्याच्या रात्री वाढवायचीच तर वैरण वाढवावी. तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबताना उष्णता निर्माण होते आणि ती बराच वेळ टिकते. घोड्याला दररोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा आहार लागतो. त्यानुसार २५० किलोग्रॅम वजनाच्या, हलके काम करणाऱ्या तट्टास सुमारे साडेचार किलोग्रॅम कडबा आणि अर्धा ते पाऊण किलोग्रॅम भरडलेला, भिजवलेला हरभरा दोन वेळांत विभागून पुरतो. जठर लहान असल्याने दाणा एकदम देऊ नये. कडब्यात प्रथिने कमी असतात. ती उणीव हरभरा व थोडा लसूणघास भरून काढतात. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त व कॅल्शियम कमी असल्याने केवळ कोंड्यावर भर दिल्यास हाडे ठिसूळ होऊन तोंडावर सूज येते. कुळीथ शिजवून देतात. सोयाबीनचे भुसकट अलीकडे मुबलक झाले असले, तरी ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही.

हिवाळ्यात सर्वांत दुर्लक्षित राहते ते पाणी. गार पाणी घोडा कमी पितो, कोरडा कडबा मात्र तेवढाच खातो. त्यातून आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठतो. पाणी दुपारच्या उन्हात किंवा कोमट करून पाजावे आणि दररोज थोडे मीठ द्यावे. लग्नाच्या तिथी नसलेल्या आठवड्यांत घोडी दावणीला उभी राहते, तेव्हा त्याच दिवसापासून चंदी घटवावी. पूर्ण दाण्यावर विश्रांती घेतलेल्या जनावरास पुन्हा जुंपताच पुठ्ठ्याचे स्नायू आखडून लघवी गडद होण्याचा विकार जडू शकतो.

धनगरांच्या वाड्यांबरोबर (मेंढ्यांच्या फिरत्या तळांबरोबर) फिरणारी तट्टे बव्हंशी मोकळ्या रानात व बांधांवर चरतात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत मार्गशीर्षाच्या अखेरीस घोड्यांची खरेदी-विक्री होते. तेथून आणलेल्या जनावराचा आहार सात ते दहा दिवसांत क्रमाने बदलावा लागतो. म्हणून पूर्वीच्या धन्याकडे ते जनावर कोणती वैरण व किती चंदी खात होते, हे सौदा ठरतानाच विचारून घेणे उचित असते.