प्लगइनसाठी एक्सएमएल कॉन्फिगरेशन

प्लगइनसाठी एक्सएमएल कॉन्फिगरेशन : मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्यात नवे घटक (प्लगइन) जोडता यावेत आणि प्रत्येक घटकाला लागणारी माहिती एकाच एक्सएमएल फाइलमधून (टॅग नावाच्या खुणांमध्ये माहिती मांडणाऱ्या मजकूर-फाइलमधून) मिळावी, यासाठीची वाचनव्यवस्था. मूळ प्रोग्रॅम लिहिताना पुढे कोणते घटक येतील आणि त्यांना काय लागेल, हे ठाऊक नसते. सारी अडचण इथेच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा वजनकाटा हे याचे सोयीचे उदाहरण. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की इंडिकेटर (वजन दाखवणारे उपकरण) सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो. पण दर बनावटीची तऱ्हा निराळी. एकाला पोर्ट आणि बॉडरेट (माहिती पाठवण्याचा वेग; उदा., ९६००) एवढे पुरते, दुसऱ्याला नेटवर्कचा पत्ता हवा असतो, तर तिसऱ्याच्या बाबतीत ओळीतल्या कितव्या अक्षरापासून वजन सुरू होते तेही सांगावे लागते. ही सारी नावे मूळ प्रोग्रॅममध्ये पक्की केली, तर नवा काटा बसवताना ऐन गळीत हंगामात प्रोग्रॅम बदलण्याची पाळी येते.

एक्सएमएल १.० ही डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस फेब्रुवारी १९९८ मधली. सॅक्स (फाइल क्रमाने वाचत जाणे) आणि डॉम (सारी फाइल स्मृतीत वृक्षरूपाने मांडणे) हे वाचनाचे दोन मार्गही त्याच वर्षीचे. घटकांना आपोआप माहिती भरून देण्याच्या पद्धतीचा उगम मात्र एका जागी दाखवणे कठीण आहे. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरच्या बांधणीसाठी (मूळ संकेतापासून चालता प्रोग्रॅम तयार करण्यासाठी) अँट हे साधन केले. त्याची स्वतंत्र १.१ आवृत्ती जुलै २००० मध्ये आली. त्यात टॅगमधल्या गुणधर्माच्या (अॅट्रिब्यूटच्या) नावावरून घटकातली ‘सेट’ने सुरू होणारी मेथड (प्रोग्रॅममधली कृती) शोधली जाते. टॉमकॅट ३ मधल्या एक्सएमएलमॅपर या वाचकाची रीत वेगळी होती : टॅगचा मार्ग जुळला की ठरलेला नियम चालवायचा. स्ट्रट्स या जावा वेब-चौकटीत जन्मलेला आणि पुढे कॉमन्स या सामायिक संग्रहात गेलेला डायजेस्टर हा वाचक याच रीतीचा. आधी कोण, हा वाद घालण्यापेक्षा दोन्ही रीती टॉमकॅटच्याच परिसरात, सुमारे १९९९ ते २००१ या काळात घडल्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अॅव्हलॉन या जावा चौकटीची तिसरी रीत तुलनेने कमी चर्चिली गेली. तीत मूळ प्रोग्रॅम फक्त घटकाचे नाव वाचतो आणि आतला भाग जसाच्या तसा घटकाच्या हाती देतो. त्याचा अर्थ घटकाने लावायचा. काट्यासारख्या कामाला हीच अधिक सोसते. स्प्रिंग या जावा चौकटीच्या २.० आवृत्तीत (२००६) नेमस्पेसगणिक (टॅगच्या नावांच्या गटागणिक) वेगळा हँडलर (अर्थ लावणारा भाग) आला, तोही याच वळणाचा.

अनोळखी गुणधर्म आढळला तर काय करायचे, यावर मतभेद आहेत. अँट तिथेच थांबते; टॉमकॅट इशारा नोंदवून पुढे जातो. सर्व्हरला दुसरे चालून जाते. काट्यावर मात्र बॉडरेटच्या नावात एक अक्षर चुकले आणि प्रोग्रॅम मूळच्याच वेगाने चालत राहिला, तर पडद्यावर वजनाऐवजी भलतीच चिन्हे उमटतात आणि खापर केबलवर फुटते. म्हणून थांबणे बरे. फाइल बाहेरून येणार असल्यास पार्सरमध्ये (एक्सएमएल वाचणाऱ्या भागात) बाह्य एंटिटी, म्हणजे बाहेरचा मजकूर आत ओढणारे संदर्भ, बंद ठेवणे आवश्यक असते.

एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत चालतात. पण ‘फेऱ्या’सारख्या नावातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. तरी पार्सरच्या लेखी ही वेगळी नावे ठरतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराचे निरनिराळे संकेत एकरूप करणे) करूनही ती एक होत नाहीत. शिवाय ते अदृश्य चिन्ह टॅगच्या नावात चालू लागले ते एक्सएमएल १.० च्या पाचव्या आवृत्तीपासून (२००८). त्याआधीच्या नियमांवर बेतलेले पार्सर अशी फाइल नाकारतात. टॅगला ‘खेप’ असे नाव दिले की हा प्रश्न उरत नाही.